कलागुरू रविशंकर रावळ

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन चालू असता सचित्र प्रतीतील पाने संघासमोर धरून चित्रे दाखविण्याची प्रथा श्वेतांबर परंपरेत जुनी आहे. सोन्यारुप्याच्या शाईची अक्षरे, लाल अथवा निळी पार्श्वभूमी, टोकदार नासिका आणि गालाच्या रेषेबाहेर डोकावणारा दुसरा नेत्र असे हे चित्रवैभव त्या निमित्ताने सर्वसामान्य श्रावक-श्राविकांच्या दृष्टीस पडे. वाचन संपले की प्रत पुन्हा वेष्टनात बांधली जाई व ज्ञानभांडारात जाई. पाटण, खंभात, जेसलमेर, अहमदाबाद येथील भांडारांनी हा ठेवा शतकानुशतके जपला, हे त्यांचे उपकारच होत. परंतु जपलेले चित्र आणि पाहिलेले चित्र यांत अंतर असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गुजरातमधील मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवर चित्र म्हणून जे काही असे, ते बहुधा छापखान्यातून आलेले देवादिकांचे ओलिओग्राफ, नाहीतर एखाद्या विलायती मालाच्या जाहिरातीचे कॅलेंडर. चांगल्या चित्रकाराचे काम पाहावयाचे तर राजवाड्यात किंवा मुंबईच्या प्रदर्शनात जावे लागे.

ही स्थिती पालटावी, घरी येणाऱ्या मासिकाच्या पानावर उत्तम चित्र यावे आणि ते मुलाबाळांच्या हाती पडावे, या एका ध्यासासाठी ज्यांनी आपले अवघे आयुष्य खर्ची घातले, ते चित्रकार म्हणजे कलागुरू रविशंकर महाशंकर रावळ. जन्माने ते जैन नव्हते. तथापि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे त्यांनी काढलेले चित्र गुजरातमध्ये सर्वपरिचित झाले, आणि पाटणच्या सोलंकी काळातील जैन मंत्र्यांना आधुनिक वाचकाच्या डोळ्यांसमोर चेहरेमोहरे मिळाले तेही मुख्यतः त्यांच्याच कुंचल्यातून. जैन समाजाने त्यांचे स्मरण ठेवावे याला एवढे कारण पुरेसे आहे.

रविशंकर यांचा जन्म १ ऑगस्ट १८९२ रोजी सौराष्ट्रातील भावनगर येथे झाला. वडील महाशंकर हे टपाल व तार खात्यात नोकरीस होते. त्यामुळे बदलीच्या गावांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. काठियावाडातील संस्थानी गावे, तेथील पागोट्यांचे आणि अंगरख्यांचे निरनिराळे प्रकार, चारण-भाटांची बैठक, देवळांतील उत्सव, हे सर्व बालवयातच त्यांच्या नजरेत साठले. पुढे ऐतिहासिक प्रसंगांची चित्रे काढताना वेशभूषेच्या तपशिलात ते क्वचितच चुकत, त्याचे मूळ या भ्रमंतीत असावे. शालेय शिक्षणानंतर ते भावनगरच्या शामळदास कॉलेजात दाखल झाले. त्यांचे चित्रकलेतील अंग तेथील प्राचार्य संजाना यांच्या ध्यानी आले आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने हा तरुण पदवीचा मार्ग सोडून मुंबईस आला. सरकारी नोकरीतील वडिलांच्या मुलाने कॉलेज सोडून चित्रे काढावयास जावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. चित्रकला हा पोट भरण्याचा व्यवसाय होऊ शकतो, असे कोणत्याही काठियावाडी कुटुंबास वाटत नसे.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते आणि रावबहादूर धुरंधर हे तेथील मान्यवर अध्यापक होते. पुतळ्यावरून रेखाटन, मग सजीव मॉडेलवरून अभ्यास, छायाप्रकाशाचे काटेकोर नियम, अशी तेथील विलायती धाटणीची शिस्त होती. रावळ यांनी ती मनापासून आत्मसात केली, मेयो पदक मिळविले, आणि १९१७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या ‘बिल्वमंगल’ या चित्रास सुवर्णपदक लाभले. पंचविशीच्या तरुणाला एवढा मान मिळाल्यावर पुढचा रस्ता सरळ होता. संस्थानिकांची आणि धनिकांची व्यक्तिचित्रे तैलरंगात करावीत, प्रदर्शने भरवावीत आणि सुखाने राहावे.

हा सरळ रस्ता त्यांनी धरला नाही, याला हाजी महंमद अल्लारखिया शिवजी हे गृहस्थ कारणीभूत झाले. मुंबईतील हे खोजा व्यापारी साहित्य आणि कला यांचे वेडे होते. १९१६ साली त्यांनी ‘वीसमी सदी’ नावाचे सचित्र गुजराती मासिक काढले. कथेबरोबर चित्र, कवितेबरोबर चित्र, लेखाबरोबर छायाचित्र, आणि तेही उत्तम कागदावर, असे मासिक गुजराती वाचकाने पूर्वी पाहिले नव्हते. या मासिकासाठी हाजींनी तरुण रावळ यांना हाताशी धरले. छापण्यासाठी चित्र काढणे हे काम प्रदर्शनाच्या चित्राहून अगदी वेगळे. कॅनव्हासवर जे शोभते ते ब्लॉकमध्ये उतरतेच असे नाही. रेषेच्या ब्लॉकसाठी काळी शाई आणि स्वच्छ, ठाम रेघ लागते. तेथे करड्या छटेला जागा नाही. छटा हव्या असतील तर चित्राचे जाळीतून छायाचित्र घेऊन बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागतो, आणि त्यात मंद छटा एकमेकींत मिसळून जातात. रंगीत चित्र म्हटले की पिवळा, लाल व निळा असे तीन ब्लॉक एकावर एक नेमके बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी चेहरा बिघडतो. त्यातून अंक ठराविक तारखेस निघावयाचा. या सर्व बंधनांत राहूनही चित्र जिवंत ठेवणे, हे कौशल्य रावळ यांनी या मासिकात काम करता करता कमावले. जे. जे. मध्ये कमर्शियल आर्टचा स्वतंत्र विभाग उघडला तो १९३५ साली. रावळ त्या क्षेत्रात जवळजवळ वीस वर्षे आधी उतरले होते.

कन्हैयालाल मुनशी यांची ‘गुजरातनो नाथ’ ही कादंबरी याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. सिद्धराज जयसिंहाच्या काळातील पाटण, महाअमात्य मुंजाल मेहता, उदयन मंत्री, भटराज काक आणि तेजस्विनी मंजरी ही पात्रे वाचकांच्या मनात आज ज्या रूपात वसली आहेत, त्यात मुनशींच्या लेखणीचा वाटा मोठा असला तरी रावळ यांच्या चित्रांचाही आहे. मुंजाल आणि उदयन हे जैन मंत्री होते. देलवाडा, गिरनार, शत्रुंजय या तीर्थांच्या उभारणीत आणि जीर्णोद्धारात गुजरातच्या जैन मंत्र्यांचा हात किती होता, हे यात्रेकरूंना शिलालेखांतून आणि प्रबंधग्रंथांतून ठाऊक असे; पण कमरेला तलवार असलेला, राज्याचा भार वाहणारा जैन अमात्य दिसत कसा असेल, हे कोणी रंगवून दाखविले नव्हते. मुनशींच्या कादंबऱ्यांतील काही जैन व्यक्तिरेखांविषयी समाजात नाराजी झाली, आणि ती अगदी निराधार होती असेही म्हणवत नाही. कादंबरीकाराने इतिहासाशी घेतलेले स्वातंत्र्य श्रद्धावंतांना टोचणारच. चित्रकाराकडे मात्र रोख फारसा गेला नाही.

हाजी महंमद यांचा अंत करुण झाला. ‘वीसमी सदी’साठी त्यांनी घरची संपत्ती ओतली, ग्राहकांची वर्गणी खर्चाला कधीच पुरली नाही, आणि १९२१ च्या आरंभी आर्थिकदृष्ट्या खचलेल्या अवस्थेत ते निवर्तले. त्यांच्याबरोबर मासिकही बंद पडले. रावळ यांनी पुढाकार घेऊन त्यांचा स्मारकग्रंथ सिद्ध केला. चांगले सचित्र मासिक काढणाऱ्याचे काय होते याचे इतके ढळढळीत उदाहरण डोळ्यांसमोर असताना रावळ यांनी पुढे तेच केले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात विशेष मनावर ठसते.

१९१९ च्या सुमारास ते मुंबई सोडून अहमदाबादेस स्थायिक झाले होते. मुंबईत पैसा होता, गिऱ्हाईक होते, प्रदर्शने होती. अहमदाबादेत गिरण्या होत्या, श्रेष्ठी होते, हठीसिंगांच्या देरासरासारखी अप्रतिम शिल्पे होती. पण चित्रकलेची शाळा म्हणावी अशी नव्हती आणि चित्र विकत घेण्याची सवयही नव्हती. रावळ यांनी आपल्या राहत्या जागीच गुजरात कलासंघाची चित्रशाळा सुरू केली. येईल त्याला ते शिकवीत. १९२० साली गुजराती साहित्य परिषदेचे अधिवेशन अहमदाबादेत भरले व त्यास रवींद्रनाथ टागोर आले, त्या प्रसंगी कलाप्रदर्शनाची जबाबदारी रावळ यांनी उचलली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांनी भारतीय शैलीचा जो नवा मार्ग काढला होता त्याचे त्यांना मोठे आकर्षण होते. अजिंठ्याच्या लेण्यांचा त्यांनी अभ्यास केला व त्यावर गुजरातीत पुस्तकही लिहिले. त्यांची स्वतःची शैली या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहिली. शरीररचनेचे ज्ञान जे. जे. चे, रेषेची ओढ अजिंठ्याची, आणि माणसे मात्र काठियावाडची.

१८ मार्च १९२२ हा दिवस त्यांच्या आयुष्यात वेगळा उठून दिसतो. अहमदाबादच्या शाहीबाग भागातील सर्किट हाउसमध्ये न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधी आणि शंकरलाल बँकर यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. तेथे छायाचित्र घेण्यास मज्जाव होता. रावळ त्या दालनात हजर राहिले आणि डोळ्यांसमोर घडत असलेला प्रसंग त्यांनी रेखाटून घेतला. न्यायासनावर बसलेला इंग्रज न्यायाधीश, समोर पंचा नेसलेले गांधीजी, भोवती स्तब्ध बसलेली मंडळी. शे-सव्वाशे मिनिटांत सारे आटोपले आणि गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या रेखाटनांवरून त्यांनी मोठे चित्र सिद्ध केले. त्या ऐतिहासिक प्रसंगाचे प्रत्यक्षदर्शी चित्रण म्हणून आज त्याचाच आधार घेतला जातो. मासिकासाठी झरझर काम करण्याची सवय नसती तर हे साधले नसते. प्रदर्शनाच्या चित्रकाराला बैठक लागते, वेळ लागतो. येथे दोन्ही नव्हते.

१९२४ साली त्यांनी ‘कुमार’ मासिक सुरू केले. तरुण पिढीसाठी कला, विज्ञान, प्रवास, निसर्ग, थोरांची चरित्रे असा सकस मजकूर, नीटस मुद्रण आणि प्रत्येक अंकात निवडक चित्रे, अशी त्याची आखणी होती. बचुभाई रावत हे त्यांना सहकारी लाभले. अक्षरजुळणीतील शिस्त, शुद्धलेखन आणि मांडणी या बाबतींत बचुभाईंच्या तोडीचा संपादक त्या काळी गुजरातीत विरळा होता. ‘कुमार’च्या कचेरीत बचुभाईंनी चालविलेल्या बुधसभेतून गुजरातचे कितीतरी कवी घडले. मासिकाची प्रतिष्ठा वाढत गेली, पण जमाखर्चाची तोंडे जुळली नाहीत. तूट भरून काढण्यासाठी रावळ यांनी बाहेरची चित्रकामे घ्यावीत, आणि त्या कामांतून उरलेला वेळ पुन्हा ‘कुमार’ला द्यावा, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. हाजी महंमद यांची वाट ते डोळे उघडे ठेवून चालत होते. सुमारे दोन दशकांनंतर, १९४० च्या दशकाच्या आरंभी, मासिकाची संपूर्ण धुरा बचुभाईंकडे गेली आणि रावळ त्यातून मोकळे झाले. तोवर ते पन्नाशीत आले होते. ज्या वयात चित्रकाराची मोठी कामे व्हावयाची, ते वय ब्लॉक, कागद, मुद्रिते आणि वर्गणीच्या हिशेबांत गेले. रावळ यांनी आपल्यातील चित्रकारावर अन्याय केला असे काही जाणकार मानतात, आणि त्यांची ‘बिल्वमंगल’च्या तोलाची चित्रे संख्येने थोडी आहेत हे नाकारता येत नाही. पण गुजरातच्या खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलांनी खऱ्या चित्रकाराचे काम प्रथम पाहिले ते ‘कुमार’च्या पानावर, हेही तितकेच खरे.

हेमचंद्राचार्यांचे चित्र याच संदर्भात पाहावयास हवे. धंधुका येथे १०८८ साली मोढ वणिक कुळात जन्मलेला चांगदेव नावाचा बालक देवचंद्रसूरींच्या हाती सोपविला गेला, दीक्षेनंतर सोमचंद्र मुनी झाला आणि एकविसाव्या वर्षी आचार्यपदी आरूढ होऊन हेमचंद्रसूरी म्हणून विख्यात झाला. सिद्धराजाच्या विनंतीवरून त्यांनी रचलेले ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हत्तीवरून मिरवत नेण्यात आले आणि राजा कुमारपालाने त्यांच्या उपदेशाने अमारीची घोषणा केली, हा इतिहास जैन घरांत लहानपणापासून सांगितला जातो. पण आचार्यांचे रूप कसे होते? तेराव्या शतकातील एका ताडपत्रीय प्रतीत हेमचंद्राचार्य आणि कुमारपाल यांची लहानशी चित्रे आढळतात, आणि ती अमोल आहेत. तथापि त्या शैलीत व्यक्तीचा चेहरा दाखविणे हा चित्रकाराचा हेतूच नसे. मुनी कोण आणि राजा कोण हे वेशावरून, आसनावरून, हाताच्या मुद्रेवरून ओळखावयाचे. विसाव्या शतकातील वाचकाला मात्र व्याकरण, काव्य, योग, कोश, न्याय अशा सर्व शास्त्रांत संचार करणारा तो महापंडित माणूस म्हणून डोळ्यांसमोर हवा होता. ही निकड रावळ यांनी ओळखली. मुनिवेशाची मर्यादा जराही न मोडता विद्वत्तेचे तेज चेहऱ्यावर आणणे हे अवघड काम होते. दागिना नाही, मुकुट नाही, रंगांची उधळण नाही, श्वेत वस्त्र आणि मुखमुद्रा एवढ्यावर सारी भिस्त. पुढे हेमचंद्राचार्यांविषयी जे जे लिहिले, छापले गेले, त्यात या चित्राची आठवण वारंवार होत राहिली. १९३९ साली पाटण येथे मुनिश्री पुण्यविजयजी आणि त्यांच्या गुरुजनांच्या प्रयत्नांतून हेमचंद्राचार्य ज्ञानमंदिर उभे राहिले व तेथील विखुरलेली भांडारे एका छताखाली आली. ज्या कादंबरीकाराविषयी समाजात कुरबूर होती, त्या मुनशींच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले, हाही काळाचा एक योगायोग.

रावळ यांच्या चित्रशाळेतून बाहेर पडलेले शिष्य पाहिले म्हणजे त्यांना कलागुरू का म्हणतात हे कळते. कनु देसाई यांनी दांडीयात्रेची चित्रे काढली आणि पुढे मुंबईत ‘रामराज्य’, ‘बैजू बावरा’ यांसारख्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन केले. सोमालाल शहा भावनगरमध्ये शिक्षक म्हणून नावाजले. रसिकलाल परीख यांनी अहमदाबादेत कलाशिक्षणाची परंपरा पुढे नेली. ‘चकोर’ या नावाने व्यंगचित्रे काढणारे बंसीलाल वर्माही याच वर्तुळातले. छगनलाल जादव हे दलित समाजातून आलेले. त्यांच्या हातातील कसब ओळखून रावळ यांनी त्यांना जवळ केले, शिकविले आणि गुजरातच्या मान्यवर चित्रकारांच्या पंक्तीत आणून बसविले. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसच्या सजावटीत नंदलाल बोस यांच्याबरोबर गुजरातचे चित्रकार कामास लागले, त्यांत रावळ आणि कनु देसाई हे गुरु-शिष्य होते.

मानसन्मानही त्यांना लाभले. १९३० सालचे रणजितराम सुवर्णचंद्रक, जे गुजराती साहित्य-संस्कृतीतील सर्वोच्च गौरवांपैकी मानले जाते, ते त्यांना मिळाले. साहित्यिकांच्या त्या मालिकेत चित्रकार म्हणून त्यांचे नाव उठून दिसते. १९६५ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली आणि १९७० मध्ये ललित कला अकादमीने फेलोशिप देऊन त्यांचा गौरव केला. उत्तरायुष्यात त्यांनी प्रवास केला, प्रवासवर्णने लिहिली आणि ‘गुजरातमां कलानां पगरण’ या नावाने आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यात स्वतःपेक्षा हाजी महंमद, सहकारी आणि शिष्य यांच्याविषयीच त्यांनी अधिक आपुलकीने लिहिले आहे.

९ डिसेंबर १९७७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, अहमदाबाद येथे रविशंकर रावळ यांचे निधन झाले. त्यांच्यामागे तीन वर्षांनी, १९८० साली, बचुभाई रावतही गेले. अखेरपर्यंत ‘कुमार’चे अंक त्यांच्याच नजरेखालून जात होते. अहमदाबादेत लॉ गार्डनजवळ रावळ यांच्या नावाने कलाभवन उभे आहे आणि तेथे तरुण चित्रकारांची प्रदर्शने भरतात.